वाढली

मारुती रोडला, दिलशाद मणेरच्या दुकानावर माझी खोली.
खाली काच वाजते, वर मी बटणं लिहिते,
पुण्याच्या कंपनीसाठी, घरबसल्या, मराठीत.
हिरव्या बटणावर: 'हो, मला बचत हवी.'
त्याखाली राखाडी, मुंगीएवढ्या अक्षरांत:
'नको, मला जास्त पैसे मोजायला आवडतात.'
हे दुसरं वाक्य माझं. त्याचं कौतुक झालं.
'दोनच उरले' माझं, 'आत्ताच समडोळीतून एकीनं घेतलं' तेही माझंच,
आणि उलटं चालणारं ते घड्याळ,
शून्यावर आलं की गुपचूप पुन्हा दहा मिनिटांवर जाऊन बसणारं.

जेवायच्या वेळी खाली उतरते तेव्हा दिलशादभाभी
कुणाचा ना कुणाचा हात हातात घेऊन बसलेली.
अंगठा आत दाबते, चार बोटांची मोळी करते,
'केवढा मऊ गं हात, भांडी घासतीस का नाही?'
आणि भाव विचारायच्या आत
सहा मनगटात.

परवा तुंगची एक बाई म्हणाली, नको, काढा.
मला नुसता रंग बघायचा होता.
भाभीनं हूं की चूं केलं नाही.
साबणाची वडी भिजवली,
चढवल्या तितक्याच सावकाश उतरवायला लागली.
अकरावी मोडली.
'वाढली,' भाभी म्हणाली. 'माझ्या हातनं वाढली, तुला पैसं न्हाईत.'
बाई फेसाळलेला हात तसाच धरून बसली.
मग म्हणाली, दोन डझन द्या.

आमच्यातही वाढच म्हणतात.
दर सोमवारी विचारतात, वाढ किती.
सदस्यत्व सोडायचं तर सहा पडदे ओलांडायचे,
प्रत्येकावर माझं एक रडवेलं वाक्य,
साबण कुठंच नाही.

रात्री ती दुकान वाढवत होती.
विचारलं, भाभी, मुद्दाम मोडलीस का गं?
कुलूप लावून, ओढून बघून म्हणाली,
'काच हाय ती.'

सोमवारी सगळ्यांना नव्या कल्पना मागितल्या.
मी कॅमेरा बंद ठेवला.
सांगितलं असतं, तर पंधरवड्यात त्यांनी
फेससुद्धा करून दाखवला असता,
आणि दर वेळी,
बरोब्बर अकरावी.