तास

अस्करच्या धक्क्यावर पहाटे पावणेपाच.
हवा ओल्या टॉवेलसारखी मानेभोवती.
ड्रोनच्या बॅटऱ्या बर्फाच्या पेटीत,
ताकाच्या बाटल्यांना खेटून.
हाजी मकी इंजिनाची दोरी ओढतो,
पहिल्या हिसक्याला ते कधीच ऐकत नाही.

आज काय शोधायचं, डॉक्टर?
रोजचंच. गाय.
त्याच्या बोलीतही ती गायच,
बगर-अल-बहर,
आणि आमची दोघांची मिळून जी मोडकी हिंदी आहे
तिच्यात नुसतीच 'वो'.

वेंगुर्ल्यात आई शेजारणीला सांगते,
लेक आखातात गायी मोजते.
शेजारीण म्हणते, वाळवंटात चरतात तरी काय गो?

चरतात.
दोन पुरुष पाण्याखाली गवत आहे,
करंगळीच्या नखाएवढ्या पानाचं,
आणि ती तोंड वाळूत खुपसून
मुळासकट उपटत पुढे सरकते.
मागे पट्टा राहतो, वीतभर रुंद, जरा वाकडा.
शास्त्रात त्याला लांबलचक नाव आहे.
मी वहीत लिहिते: तास.
नांगराचा असतो तो.

'आज सत्तावीस तास. ताजे नऊ.'
हिशेबखात्यातले अभ्यंकर
चष्मा कपाळावर नेऊन विचारतात,
मॅडम, एका दिवसात सत्तावीस?

मार्चात तीन दिवस शमाल वाहिला
आणि चौथ्या दिवशी जौच्या किनाऱ्यावर एक आली.
मादी. दोन मीटर एकसष्ट.
शेपटीच्या बुडाशी नायलॉन इतकं रुतलेलं
की आधी मला ती तिचीच रेघ वाटली.
मी कापत गेले, लेबलं लावत गेले.
पोटातलं गवत अजून हिरवं होतं.
काखेत दूध होतं.
वासराचा रकाना मी कोरा ठेवला,
दुपारपर्यंत पाण्याकडे बघत,
मग तिथे लिहिलं: आढळले नाही.

मनामाच्या शाळेत मला पी.टी.चा तास दिला, आठवी क.
पोरं चिडलेली, बॉल बाकाखाली.
मी चित्रं दाखवली, कवटी फिरवली,
एकाने तिच्या डोळ्याच्या खोबणीत पेन घालून पाहिलं.
शेवटी मागच्या बाकावरून हिबा म्हणाली,
मिस, जिवंत बघितलीय?
हो. नाक वर येतं, दोन झडपा उघडतात,
फुस्स, आणि गेली.
किती वेळ?
दीड सेकंद असेल.
आणि मेलेली?
एकेकीला पाच तास लागतात, मी म्हटलं,
आणि घंटा झाली.
त्यातलं काय त्यांनी घरी नेलं, माहीत नाही.
कवटी परत मिळाली तेव्हा
खोबणीत च्युइंगगमचा कागद होता.

कोळ्यांच्या मजलिसमध्ये मी खजूर खाल्ला,
रात्री सोडून दिलेल्या जाळ्यांविषयी बोलले.
कोपऱ्यातून महदी म्हणाला,
आज जाळं बंद, उद्या समुद्र बंद,
पेट्रोलचे दिनार कोण देणार, तुझी गाय?
उत्तर नव्हतं. त्याचा प्रश्न मी वहीत उतरवून घेतला,
निदान तारखेसह.
हाजी मकीने रिकामा पेला हलवला.
म्हणजे पुरे.
कॉफी पुरे की माझं बोलणं, ते कळलं नाही.

मग काल रात्री दोनला फोन.
आधी नुसता वारा, पाण्याचा चपचपाट,
कुणीतरी मोठ्याने धापा टाकत होतं.
मग तो म्हणाला, कापलं.
गेली? मी विचारलं.
फोन बंद.

आता धक्क्यावर तो पाठमोरा बसलाय,
मांडीवर साठ दिनारचं जाळं,
मधोमध दारातून माणूस जाईल एवढं भगदाड.
रात्रीचं तो काढत नाही, मीही काढत नाही.
विचारायचं आहे, एकटीच होती का,
की बरोबर लहान होतं.
पण त्याच्या ओठांत सुई आहे.

मी समोर बसून दुसरी कड धरते.
ओढून धर, तो म्हणतो, ढिली नको.
उजाडायला अजून तास आहे.