बोटरी

नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर येतं,
मोहाच्या तिसऱ्या झाडापाशी. दोन दांडे,
वारा बरा असला तर तीन.
तिथं मांडी घालून बसते मी
आणि चाळीस तलावांचा हिशेब
समुद्रापलीकडच्या चार मशीनकडं लावून देते,
ज्यांना मी पाहिलेलं नाही, पाहणारही नाही.

ही भाषा एका अक्षराची : आर.
तिच्यात अशा कामाला ‘फ्यूचर’ म्हणतात.
ओळ लिहिली की लगेच हातात पडतं
ते उत्तर नसतं, उत्तराची जागा असते,
साकोलीच्या एस्टीत
खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखी.
माणूस अजून यायचा असतो.

सेवंताबाई नान्हे, मच्छीमार संस्थेच्या सचिव,
कमरेएवढ्या पाण्यातून विचारतात,
“तुई मशीन झोपली का वो मॅडम?”
नाही बाई, माझी रिकामी आहे.
राबतायत त्या दुसऱ्या.
“मंग तू कायले बसली?”

खरंच, कायले?
हळूच विचारता येतं, झालं का म्हणून.
हो किंवा नाही येतं, आणि आपण मोकळ्या.
पण सरळ उत्तरच मागितलं
आणि ते तयार नसलं,
तर आपलीच मशीन खिळून राहते जागच्या जागी,
कर्सर लुकलुकत,
ना पुढची ओळ ना मागची.
पहिल्या वर्षी मी सारखी उत्तरच मागायचे.
मशीनला, आणि निकालाची वाट पाहत
नागपुरात खोली करून राहिलेल्या भावालाही.

दूरच्या मशीनला इथलं काही म्हणजे काही ठाऊक नसतं.
शिदोरी बांधून द्यावी लागते :
आकडे, सूत्रं, कुठला रकाना कशाचा.
आणि बी. चौघींना वेगळं वेगळं,
नाहीतर चारही बांध्यांत तेच रोप उगवतं
आणि आपण हुरळून म्हणतो,
बघा, चौघींचं कसं जुळलं.

दुपार कलली तेव्हा एकोणचाळीस तलाव आले.
चाळिसावा, हाच, माझ्या पायाशी चुबुकचुबुक करणारा,
त्याच्या जागी एक लाल ओळ :
‘बोटरी’ सापडली नाही.

चूक माझीच.
माशांची इथली नावं मी सेवंताबाईंच्या तोंडून
वहीत उतरवली होती, वहीतून माझ्या मशीनवर,
आणि शिदोरीत टाकायची विसरले.
त्या परदेशी यंत्रानं बिचाऱ्यानं
सगळीकडं हात घालून पाहिला असेल.

मोठ्यानं वाचून दाखवलं.
“सापडत नाई म्हन्ते?” सेवंताबाई खदखदल्या,
“येजो म्हना इकडं, उतरजो म्हना पान्यात!”
मग हसणं अर्ध्यावरच राहिलं.
हातातल्या जाळ्याची एक गाठ
त्या उगाच चाचपत राहिल्या.
“दोन सालं झाली,” म्हणाल्या,
“मलेबी नाई सापडली.”

मी यादी बांधली. पुन्हा पाठवलं.
आता ओळ लाल येणार नाही, एवढं नक्की.
बोटरीपुढं कदाचित शून्य येईल,
कदाचित रिकामी जागा.
शून्य म्हणजे शोधलं आणि नव्हतं.
रिकामी जागा म्हणजे कुणी शोधलंच नाही.
माझ्या शास्त्रात या दोन्हींत
जमीनअस्मानाचा फरक आहे.
तो पाण्यात उभ्या बाईला कसा सांगायचा
हे त्यात नाही.

लॅपटॉप मिटला. मिटला तरी
तिकडं काम थांबत नाही,
ही गोष्ट मला अजून पूर्ण खरी वाटत नाही.

सेवंताबाईंनी बेशरमाच्या झुडपांकडल्या कोपऱ्यात
बारीक डोळ्यांचं जाळं लावलं,
जे या मोसमात कुणी लावत नाही.
कशासाठी ते मी विचारलं नाही.
“सकारी उचलू,” म्हणाल्या,
आणि ओलं लुगडं पिळत
मागं न पाहता पाळ चढल्या.