जमिनीपासून एक वीत

"सर, कशासाठी हवाय? कारपेट, सोफा, गाडी?"
सशांसाठी, मी म्हणतो.
मुलगा हसत नाही. माहितीपत्रक उलटतो.
त्यात कुत्रा आहे, मांजर आहे,
सशाचा रकाना नाही.

वाशी, सेक्टर सतरा, दुपारचे तीन.
माझी ही मध्यरात्र.
मी महापेच्या डेटा सेंटरात रात्रपाळी करतो,
तिथे हजार पंखे एका सुरात घोंघावतात
आणि धुळीच्या कणालाही आत यायला परवाना लागतो.
गेल्या मंगळवारी पिंगुळकर मॅडमनी
माझ्या स्वेटरच्या कोपरावरून
चिमटीत एक केस उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला.
पांढरा, टोकाला राखाडी.
"हे काय?"
ढब्बू आहे, मॅडम, असं तोंडावर आलं होतं.
"लोकर," म्हणालो.
खोटं बोलायलाही सशाचंच काळीज लागतं.

नेरूळला माझं वन आरके.
त्यात ढब्बू, आणि कवठाच्या सालीच्या रंगाची कवठी.
त्यांचे केस झडायला लागले की
पंख्याच्या पात्यावर केस, आमटीत केस,
धुऊन वाळत घातलेल्या टॉवेलात केस.
इतका हलका की झाडू आला की
अदबीनं बाजूला होतो,
झाडू गेला की परत येऊन बसतो.
गवताच्या काड्या फरशीच्या सांध्यात.
पलंगाखाली लेंड्या.
कुडाळहून आलेली मावशी
वाकून वेचायलाच लागली होती:
मिरी काय भावानं झालीय, आणि तू सांडतोस!

कुकरची शिट्टी झाली की ढब्बू
मागचा पाय फरशीवर आपटतो. एकदाच. धप्प.
राग नाही तो.
बाकीच्यांना सांगणं असतं.

मुलाच्या छातीवर नाव आहे, मुस्तकीम.
तो मशीन मांडत जातो.
पिशवीवाला: गवत अडकेल.
वायरवाला. वायर किती?
"सहा मीटर."
सहा मीटरचा नाश्ता.
मग तो गोल, चपटा, आपला आपण फिरणारा.
"हा लेंडीवरून गेला तर?"
मुस्तकीम थोडा वेळ विचार करतो.
"पसरवेल, सर."
इथून माझा त्याच्यावर विश्वास बसला.

शेवटचा बिनवायरीचा.
"अडुसष्ट डेसिबल फक्त."
कुणाच्या कानाशी मोजलेत?
त्याला सांगता येत नाही. मलाही राहवत नाही.
मी खाली बसतो, मग कोपरांवर येतो,
कान जमिनीपासून एक वीत.
लाव आता.

वॉशिंग मशीन बघणारं जोडपं जरा लांब सरकलं.

खालून तो आवाज नसतोच.
आधी फरशी येते, बरगड्यांत,
मग वारा, एकाच बाजूनं,
मग काहीतरी मोठं, तोंड उघडं ठेवून
येतच राहिलेलं.
नऊ वर्षं पंख्यांत काढली मी,
पण साडेपाच फुटांवरून.

आणि माझा डावा पाय
मला न विचारता
दुकानाच्या फरशीवर आपटला.

मुस्तकीमनं झटकन बटण दाबलं.
"लागलं का, सर?"
नाही रे.
बाकीच्यांना सांगत होतो.

घेतला तोच. हप्त्यानं.
पहाटे घरी आलो तेव्हा दोघं जागे होते,
माझ्यासारखीच उलटी त्यांची घडी.
मशीन कोपऱ्यात उभं केलं, बटणाला हात लावला नाही.
पहिल्या दिवशी ढब्बू त्याला वळसा घालून गेला.
दुसऱ्या दिवशी लांबूनच वास.
चौथ्या दिवशी कवठीनं
त्याच्या दांड्यावर हनुवटी घासली:
ससे असं करतात, हे आता माझं म्हणून.

मुस्तकीमचे फोन येतात, आठवड्यात तीन.
ससेमिरा शब्दाचा सशाशी काही संबंध नाही म्हणतात,
पण मला रोज वेगळं वाटतं.
"सर, कसा चाललाय?"
चालला नाहीये अजून, मी सांगतो.
बसलाय.
स्वेटरवरचे केस मी अजून
ओल्या हातानंच काढतो,
जिन्यात उभा राहून,
कामावर निघताना.