वाघीण

आजोबा वाघीण करतायत, असं ऐकून
मुक्ता धावत आली, आणि हिरमुसली:
करडा डबा, वीतभरही नाही.
"हिचे पट्टे कुठायत?"

ही विलायतची. सिमेंटची.
मी कधी पाहिलेली नाही,
एका धूसर फोटोवरून चाललंय सगळं.
शिडीला केसाएवढी तार.
पोटाखालचा हवेचा पाइप तर
उलटी केल्याशिवाय दिसणारही नाही.
तरी बसवला.
कळंबोलीच्या सायडिंगला सव्वीस वर्षं
तोच पाइप माझ्या हातात होता:
खालून हवा सोडली की
भुकटी पाण्यासारखी वाहते,
हवा थांबली की ढिम्म.

वर झाकणाशी घरत असायचा.
तोंडाला पंचा, पापण्या पांढऱ्या.
त्यानं शिट्टी मारली की मी व्हॉल्व्ह फिरवायचो.
शेवटी शेवटी त्याच्या छातीत
शिट्टीपुरतीही हवा उरेना.

काल रात्री पातळ पांढरा रंग घेतला,
झाकणाच्या कडेवरून खाली ओढला.
एक ओघळ. दुसरा.
जिथे माणूस बसला असता
तेवढी जागा कोरी ठेवली.

सकाळी मुक्ता म्हणाली, आत्ता खरी!
एक पट्टा मात्र राहिलाय.

राहू दे, म्हटलं.