मोरचूद

आशेवाडीच्या बांधावर तिपाई रोवून
मी सव्वासहापासून उभी.
समोर रामशेज, अजून नुसता एक काळा ठोकळा,
त्याच्या पायथ्याशी द्राक्षाच्या ओळी,
तारा, खांब, आणि कुणीतरी विसरलेली प्लास्टिकची टोपली.
नोव्हेंबर. बोटं बटणावर बधिर.

या वेळेला प्रश्न नसतो.
जग आपलं आपणच करडं असतं,
प्रश्न सूर्य आणतो.

क्षेमकल्याणी काका, भद्रकालीत
जिन्याखालच्या त्यांच्या डार्करूममध्ये,
बोटांना हायपोचा कायमचा वास,
म्हणायचे, डोळे बारीक कर.
अजून.
पापण्यांची जाळी होईपर्यंत.
आता सांग, काय राहिलं?
राहिला तो फोटो. गळला तो बाजार.

लाल काच लावून त्यांनी काढलेलं ब्रह्मगिरीवरचं आभाळ
इतकं काळं
की गिऱ्हाईक विचारायचं, रात्री काढला का हो?
दुपारी एकला, म्हणायचे काका,
आणि दिवसभर खूश असायचे.

मी त्यांचं ऐकत आले.
अंजनेरीचे कडे, मे महिन्यात उघडं पडलेलं
गंगापूर धरणाचं भेगाळ तळ,
सगळं करड्यात घातलं.
करड्यात खोटं बोलायला जागा कमी, असं वाटायचं.
आता वाटतं, जागा तेवढीच असते,
फक्त खोट्याला इस्त्री केलेली असते.

पावणेसात.
किल्ल्याच्या कपाळावर आधी एक विटकरी रेघ,
मग ती खाली उतरत, कातळावरून घसरत,
बागेवर येऊन सांडली.
आणि पानं हिरवी नव्हतीच.
निळी होती.
काल मारलेला मोरचूद नि चुना,
पानांवर, तारांवर, खांबांवर वाळून बसलेला,
एखाद्या घराला रंग देताना
उडालेले शिंतोडे पुसायचे राहावेत तसा.

कॅमेऱ्याला काय, तो दोन्ही ठेवून घेतो.
निवड माझ्यावर ढकलतो.

बागेतून कचरू पेलमहाले आले,
पाठीवर पंप, गमबूट घोट्यापर्यंत निळे.
दाखवा की, म्हणाले.
मी आधी कृष्णधवल दाखवला. अर्थात.
त्यांनी बराच वेळ पाहिला.
"डोंगर ब्येस आलाय.
पण डावनी आली का न्हाई, ते कुढं दिसतंय ह्याच्यात?"
आणि अंगठा थेट पडद्यावर टेकवला,
"हे पान बगा. पिवळं पडलंय, का उन्हात हाये?
तुमच्यात दोन्ही सारखंच."

ओळीत शिरून मी ते पान शोधलं.
वरून तेलाचा डाग पडावा तसं पिवळं,
उलटं केलं तर पाठीवर पांढरी लव.
माझ्या फोटोत
ते त्या ओळीतलं सगळ्यात उजळ पान होतं.
त्याच्याचसाठी मी चौकट दोन बोटं डावीकडे सरकवली होती.

मग रंगीत दाखवला.
"हा खरा," म्हणाले. थांबले.
"पन ह्याच्यात डोंगर कुढं गेला?"

होता की. तिथेच होता,
लग्नाच्या स्टेजमागे पडदा असतो तसा.

ते हसले नाहीत, मीही नाही.
पान खुडून त्यांनी खिशात टाकलं,
घरी कुणाला तरी दाखवायला असेल,
आणि पंपाचा दांडा हलायला लागला.
ओळीतून फवारा उठला, वारा माझ्याकडे,
डोळे चुरचुरले, आपोआप बारीक झाले.
पापण्यांची जाळी.
काय राहिलं, काका?
किल्ला राहिला. एक माणूस, कमरेपर्यंत धुक्यात.
आणि निळं. ते काही केल्या गळेना.

दुपारी घरी आले, दोन्ही फोटो उघडले.
रंगीत, करडा. पुन्हा रंगीत.
पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात
अंगठ्याचा ठसा वाळला होता,
रेषान् रेषा मोजता यावी असा.
कुठलाही फोटो लावा,
तो आपला पायथ्याशी, निळाच.

फडकं हातात होतं.
कपाटात ठेवून दिलं.