शेरा

चोपड्याच्या उपकोषागारात नवं वर्ष एप्रिलात उजाडतं,
केळीची पानं उन्हानं फाटू लागतात तेव्हा.
नव्या रजिस्टरला मी खाकी कागद चढवते,
दंगल भोई मैद्याची खळ शिजवून आणतो,
आणि आम्ही वाट बघत बसतो.
पैसा मंजूर असतो, म्हणजे कुठेतरी असतोच,
सातपुड्यात उन्हाळ्यातही कुठेतरी पाणी असतं तसा.

पगार, निवृत्तिवेतन, लाइटबिल, यात जून सरतो.
मग पत्रं येतात.
खर्च जपून करावा.
महिन्याभरानं : खर्च का झाला नाही, खुलासा करावा.
दोन्हींखाली सही एकाच माणसाची.

जमेचं तसं नसतं. जमा रोज येते,
चलन हातात धरून, रांगेत, घाम पुसत.
वाळूची रॉयल्टी, देशी दारूच्या परवान्याची फी,
लासूरच्या दोन भावांच्या वाटणीचा मुद्रांक
(आले एका मोटरसायकलवर,
गेले वेगवेगळे).
दिवाळीत राज्याच्या जमेचा आलेख असा चढतो
की निकुंभ साहेब चष्मा पुसून पुन्हा बघतात.

त्या दिवाळीनंतर खजान सर येऊ लागले,
डोंगराकडच्या आश्रमशाळेचे.
एकशे बेचाळीस मुलं, एकशे बेचाळीस ब्लँकेटं,
बिल तीन प्रतींत, एकही आक्षेप निघू नये असं.
मी लेखाशीर्ष टाकायची. आकड्यांची लांब माळ,
शेवटी शिल्लक : शून्य.
पुढच्या सोमवारी पुन्हा, कानटोपी घालून :
"आज भी नही उनात, ताई?"
मी मान हलवली.
"थंडी उनी ना पन," ते म्हणाले. रागानं नाही.
एखादं जोडपत्र राहून गेल्याची
आठवण करून द्यावी, तसं.

जानेवारीत पारा सहावर आला.
बागांमध्ये घड निसवेनात, पेपरात बागायतदारांचे फोटो.
दंगलनं दारात रद्दी पेटवली.
मुलं तिघं तिघं एका सतरंजीत निजतात, सर म्हणाले होते.
मी तिमाही विवरणपत्र भरत होते,
एक प्रत अजून हातानंच लिहितो आम्ही.
तिसरी तिमाही, पांघरुणं : ०.
शून्य काढायला असा कितीसा वेळ लागतो.
मला लागला.
शेजारीच जमेचा रकाना, गलेलठ्ठ.
त्यात अडावदच्या बाजारात कुण्या पोरानं घेतलेला
पाच रुपयांचा बिस्किटपुडाही असणार.
त्याचा वाटा वेळेत पोचला होता.
शेऱ्याच्या रकान्यात एरवी मी "निरंक" लिहिते.
त्या दिवशी लिहिलं : थंडी येऊन गेली.

एकतीस मार्च. अनुदान रात्री साडेनवाला उतरलं,
सगळ्या शीर्षांवर एकदम, नळाला पाणी आल्यासारखं.
जिन्यात ठेकेदार, ग्रामसेवक, झेरॉक्सवाला,
कुणीतरी मठ्ठ्याचे ग्लास फिरवत होतं.
बाराच्या ठोक्याला उरेल ते व्यपगत.
पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता,
आणि त्या उकाड्यात
अकरा सत्तावन्नला
एकशे बेचाळीस ब्लँकेटं पास झाली.
सरांनी टोकन घामानं भिजलेल्या खिशात ठेवलं.
"सातवीवाला तं गयात समजा," एवढंच बोलले,
आणि शेवटची बस केव्हाच गेली म्हणून
दंगलच्या सायकलवर मागे बसले.

चौथ्या तिमाहीचा खर्च शंभर टक्के.
आमच्या कार्यालयाचं अभिनंदन झालं, लेखी.
त्याच टपालात माझं जानेवारीचं विवरणपत्र परत :
शेरा अप्रस्तुत. खोडून आद्याक्षरी करावी.

खोडला.
नियम सांगतो, हिशेबात खाडाखोड चालत नाही,
पांढरी शाई तर मुळीच नाही.
एकच रेघ मारायची, सरळ, पट्टी धरून,
खालचं वाचता येईल अशी.