तिसरा रकाना

मंगळवारी आणि गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाला,
मुर्मान्स्कच्या नाविक-क्लबात, दुसऱ्या मजल्यावर
मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते.
डिसेंबर चालू आहे. सूर्य रजेवर.
रेडिएटरवर सात जोड हातमोजे वाळताहेत,
वर्गभर ओल्या लोकरीचा वास.

फळ्यावर लिहिलं : बर्फ फोडणे.
म्हणजे अनोळखी माणसाशी पहिल्यांदा बोलणे.
येर्मोलाय साव्विच खाली बघून हसला.
एकतीस वर्षं तो बर्फफोड्या जहाजाच्या इंजिनखोलीत होता.
"एवढंच? मग आम्ही उगाच इतकं तेल जाळलं."

त्याच्या वहीत पट्टीने आखलेले तीन रकाने :
ते काय म्हणतात. म्हणजे काय. आपण काय म्हणतो.
त्यांचा पाऊस कुत्र्यामांजरांचा,
आपला बादलीने ओतल्यासारखा.
त्यांची डुकरं उडतील तेव्हा
आपला खेकडा डोंगरावर शिट्टी वाजवील,
तोवर दोन्हीकडची कामं अडलेलीच.
थट्टा करायची तर ते पाय ओढतात.
थाप मारायची तर कानांवर शेवया टांगतो आपण.

हे सगळं कशासाठी, तर ॲबर्डीनच्या नातीसाठी.
इसोबेल. वय पाच. रशियनचा एक शब्द येत नाही.
दर रविवारी फोनच्या काचेआड दोघं एकमेकांना
हात हलवतात,
आगबोट सुटताना हलवतात तसा.

मग त्या गुरुवारी मी लिहिलं :
बादलीला लाथ मारणे. म्हणजे मरणे.
वर्ग हसला. अग्लायाने विचारलं, कुणाची बादली?
क्रेनवाल्या तिखोनने बाकाखाली लाथ मारून दाखवली.

येर्मोलाय म्हणाला, "पत्र्याची होती.
तायसिया आमचा जिना पुसत होती, पाचवा मजला.
मी आत बटाटे सोलत होतो.
ती पडल्याचं ऐकूच आलं नाही.
बादलीचं आलं.
तीन मजले गडगडत गेली.
मी म्हटलं, काय हा धांदरटपणा."

रेडिएटरमधलं पाणी तेवढं बोलत होतं.
मी डस्टर उचललं.
"राहू द्या," तो म्हणाला, "त्यांना काय माहीत."
आणि लिहून घेतलं. दोन रकाने भरले.
तिसऱ्यात पेन टेकवलं,
शाईचा ठिपका मोठा होईपर्यंत तसंच धरलं,
उचललं.

पुढच्या मंगळवारी तो सगळ्यांच्या आधी आला,
टोपीवर बर्फ तसाच.
रविवारी म्हणे नातीने काहीतरी विचारलं,
आणि त्याला एक अक्षर सुचेना.
तेव्हा ती काचेला नाक लावून म्हणाली,
"आजोबा, तुमची जीभ मांजराने नेली का?"

"आपण म्हणतो, गिळली," तो मला सांगू लागला,
जणू मला ठाऊकच नाही.
"चौदाव्या पानावर होतं.
चष्मा सापडेना, मग पान सापडेना.

थांबली हो.
सापडेपर्यंत थांबली पोर."